राजवाड्यातली शाळा आणि बराकीतलं कॉलेज

ज्यांना ऐकायला वेळ होत नाही किंवा ऑफिसात हेडफोन लावून बसता येत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे 'ॲक्च्युअली' आणि 'म्हणजे' बऱ्यापैकी गाळलेत. तरी काही राहिलेच असतील, सांभाळून घ्या.

००:३५ प्रश्न कुठून आला

मागच्या महिन्यात सांगलीकडच्या एका श्रोत्याचा मेल आला. त्याच्या कॉलेजच्या आवारात मागच्या बाजूला एक लांबलचक, कौलारू, बसकी इमारत आहे. आत जुनी बाकं आणि मोडकी यंत्रं भरलेली. सगळे तिला 'मिलिटरी शेड' म्हणतात. का म्हणतात, ते कुणालाच माहीत नाही. त्याचा प्रश्न असा की, कॉलेजच्या आवारात लष्कराची इमारत येतेच कशी?

त्याची शेड मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल काही ठोकून देणार नाही. पण प्रश्न मला चिकटला. मी साताऱ्याचा, इंजिनिअरिंग केलं सांगलीत. साताऱ्यात आम्ही सदर बझारला आजही सहज 'कॅम्प' म्हणतो. कॅम्प म्हणजे इंग्रजांची छावणी, हे लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याच्या नावातच 'मिलिटरी' आहे. घरोघरी फौजी. माझे आजोबाही फौजेत होते. ते हिंदी लिहायचे, पण रोमन अक्षरांत. कारण लिहायला ते फौजेत शिकले आणि त्या काळी फौजेत हिंदुस्थानी रोमन लिपीत शिकवायचे. आमच्या घरात पहिलं अक्षर आलं ते पलटणीतून.

म्हणून शोधत गेलो. या प्रश्नाचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उत्तर निघालं मुंबई आणि औरंगाबादमध्ये, पण त्याची सुरुवात साताऱ्यात आहे. ते उत्तर म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची दोन कॉलेजं. दोन्ही पहिल्यांदा भरली ती लष्करी बराकींमध्ये.

०३:१० आधी बराक म्हणजे काय ते बघू

बराक म्हणजे सैनिकांची राहायची जागा, एवढं आपल्याला माहीत असतं. पण ती तशीच का बांधतात, त्यामागे कारण आहे.

भारतातल्या इंग्रज सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला एक रॉयल कमिशन नेमलं होतं. त्याचा अहवाल १८६३ साली आला. त्यातला आकडा भयंकर होता. भारतातले गोरे सैनिक वर्षाला हजारी ६९ या दराने मरत होते. आणि लढाईत नव्हे, तर बहुतेक जण रोगानं. या कामात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा मोठा वाटा होता. कोंदट खोल्या, घाण पाणी, गर्दी, हीच त्या मरणाची कारणं होती. त्यानंतर छावण्यांमधल्या बराकी बांधताना छत उंच, जोतं उंच, खिडक्या समोरासमोर, दोन्हीकडे व्हरांडा आणि दोन इमारतींमध्ये मोकळी जागा, यावर भर आला.

दुसरा प्रकार युद्धकाळातला. दुसऱ्या महायुद्धात हजारो माणसं एकदम ठेवायची होती, तीही घाईनं. मग विटांचे खांब, पातळ भिंती, वर कौलं नाहीतर पत्रा. युद्ध संपेपर्यंत टिकलं तरी पुष्कळ, असा हिशेब.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे. आत एक लांब, सलग हॉल. छताचं वजन कैच्यांवरून थेट बाहेरच्या भिंतींवर किंवा खांबांवर जातं, त्यामुळे मध्ये भिंतींची गरज नसते. आता विचार करा, अशा हॉलमध्ये दोन-तीन पडद्या घातल्या की काय होतं? वर्ग होतात. उजेड दोन्हीकडून येतो, वारा येतो, बाहेर व्हरांडा असतो. खाटा काढा, बाकं ठेवा. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर बराक ही एका कामापुरती लिहिलेली नसते, ती जनरिक असते.

म्हणूनच युद्ध संपल्यावर जगभर बराकींची कॉलेजं, दवाखाने आणि घरं झाली. आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे कल्याणचा मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प. तिथे दोन हजारांवर बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली जवळपास लाखभर माणसं त्यांत राहिली. १९४९ मध्ये त्या वस्तीला नाव मिळालं उल्हासनगर.

०७:२० साताऱ्यातला मुलगा

आता मागे जाऊ.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. महू म्हणजे लष्करी छावणी. वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार, आणि फौजेच्याच शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापक. हे लक्षात घ्या. गावातल्या शाळेत ज्या समाजाला दार बंद होतं, त्या समाजातला माणूस शिकला आणि शिक्षकही झाला, कारण कंपनीच्या फौजेत सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं होतं. म्हणजे पलटण आणि शाळा हे नातं या घरात आधीपासूनच होतं.

पण तो दरवाजाही टिकला नाही. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची फौजभरती थांबवली. आधीच्या पिढ्यांना पगार, पेन्शन आणि अक्षरओळख देणारी वाटच बंद झाली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावं लागलं, तीही दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेपोटी, बेळगावात.

रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. साताऱ्यातच आई भीमाबाई गेल्या. आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा गव्हर्नमेंट हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकासमोर नाव लागलं, भिवा रामजी आंबेडकर. तेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

ही शाळा भरायची कुठे? जुन्या राजवाड्यात. छत्रपतींच्या वाड्यात! आम्ही सातारकर राजवाड्याच्या चौपाटीवर भेळ खायला जातो, त्याच राजवाड्यात.

तर इमारत राजवाड्याची. आणि शाळेत त्या मुलाचं स्थान काय? बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. त्यांना बसायला वेगळं गोणपाट, तेही घरून आणायचं आणि घरी न्यायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायानं तोटी सोडली तरच पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही.

त्याच आठवणींत १९०१ चा प्रवास आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला तलावाच्या कामावर रोखपाल होते. दुष्काळी काम ते. सुट्टीत मुलं त्यांना भेटायला निघाली. नवे कपडे घालून आगगाडीनं मसूर स्टेशनला उतरली. पत्र वेळेवर पोचलं नव्हतं म्हणून न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तरनं आधी आपुलकीनं चौकशी केली, आणि जात कळल्यावर त्याचा चेहराच बदलला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, अट अशी की मुलांनी गाडी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. रात्रभर कुठे पाणी मिळालं नाही. सोबत डबा होता, पण पाण्याशिवाय घास उतरणार कसा?

मसूरवरून मी कॉलेजला जाताना-येताना कितीदा गेलोय. सातारा ते सांगली पॅसेंजरनं गेलं की वाटेत येतंच. इतक्या वर्षांत एकदाही हे डोक्यात आलं नव्हतं. माहीतच नव्हतं.

१३:०५ मरीन लाइन्सच्या बराकी

आता उडी मारू १९४६ वर.

मुंबई. महायुद्ध आदल्या ऑगस्टमध्ये संपलंय. फेब्रुवारीत नौसैनिकांचं बंड होऊन गेलंय. शहरात लष्करासाठी उभारलेल्या बराकी आता रिकाम्या होऊ लागल्यात.

बाबासाहेब १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. ८ जुलै १९४५ ला त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. आणि वर्षभराच्या आत, २० जून १९४६ ला, सिद्धार्थ कॉलेज सुरू झालंसुद्धा. कुठे? मरीन लाइन्सजवळ, तेव्हाच्या क्वीन्स रोडवर, म्हणजे आजच्या महर्षी कर्वे रोडवर, लष्करी बराकींमध्ये.

गंमत बघा, 'मरीन लाइन्स' हे नावच लष्करी आहे. आपण समजतो मरीन म्हणजे समुद्र आणि लाइन्स म्हणजे रेल्वेच्या. तसं नाही. एकोणिसाव्या शतकात तिथे मरीन बटालियन लाइन्स होत्या. लाइन्स म्हणजे पलटणीच्या राहण्याच्या ओळी, आपल्याकडे 'पोलीस लाइन' म्हणतात तशा.

इथे एक निर्णय आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांना थांबता आलं असतं. आधी देणग्या गोळा करू, मग जागा, मग घुमट असलेली इमारत, मग कोनशिला, आणि पाच-सात वर्षांनी पहिला वर्ग. मुंबईत तेव्हा एल्फिन्स्टन, विल्सन, सेंट झेवियर्स अशी दगडी, देखणी कॉलेजं होती. त्यांच्या तोलामोलाचं काढायचं म्हटलं तर थांबावंच लागलं असतं. पण तेवढ्यात मुलांची एक अख्खी फळी वयातून निघून गेली असती. म्हणून उलटा क्रम लावला. आधी वर्ग, मग इमारत.

वेळही तशीच निवडली. सिद्धार्थचे वर्ग सकाळी लवकर भरायचे, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं. छप्पर लष्कराचं आणि वेळापत्रक कामगाराचं! आणि दार सगळ्यांना उघडं. हे कॉलेज एका जातीपुरतं नव्हतं.

पुढे सिद्धार्थ फोर्टमध्ये स्वतःच्या इमारतींत गेलं. त्या इमारतींची नावं झाली आनंद भवन आणि बुद्ध भवन. मरीन लाइन्सच्या बराकी मात्र मागे राहिल्या.

१७:४० औरंगाबादची छावणी

चार वर्षांनी तोच प्रयोग मराठवाड्यात. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं होतं. मराठवाड्यातल्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावं लागायचं. गरीब घरच्या मुलाला ते जमायचं नाही.

औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जुनी छावणी होती. निजामाच्या खर्चानं आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज तिथे असायची. १८५७ मध्ये तिथल्याच घोडदळानं बंड केलं होतं. १९०३ मध्ये ही फौज इंग्रजांच्या भारतीय सैन्यात मिसळली. छावणी राहिली, बराकीही राहिल्या.

१९ जून १९५० ला या छावणीतल्या बराकींत कॉलेज सुरू झालं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते नव्या इमारतीची कोनशिला बसली. इथेही क्रम तोच. मुलं वर्षभर शिकली, मग कोनशिला.

पुढे या कॉलेजला नाव मिळालं मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे मिनँडर हा ग्रीक राजा. पाली ग्रंथात तो भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारतो आणि नागसेन उत्तरं देतो. म्हणजे कॉलेजला नाव दिलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं. मला हे फार आवडतं. बराकीत हुकूम चालतो, उलटा प्रश्न चालत नाही. त्याच बराकीत सुरू झालेल्या कॉलेजचं नाव मात्र प्रश्न विचारणाऱ्या राजाचं.

त्या वर्गांतून काय निघालं, ते मराठी वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं. इथेच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवलं. मराठी दलित साहित्याची एक मोठी शाखा नागसेनवनात फुटली.

२२:१५ आमच्या धंद्यातली एक बराक

सॉफ्टवेअरवाल्यांना ऐकून बरं वाटेल असं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४३ साली रडारच्या संशोधनासाठी लाकडी, तीन मजली इमारत घाईघाईत उभारली. नावसुद्धा नीट दिलं नाही, फक्त नंबर. बिल्डिंग २०. युद्ध संपलं की सहा महिन्यांत पाडायची असं ठरलेलं. पाडली कधी? १९९८ मध्ये!

पंचावन्न वर्षं ती का टिकली? कारण कुणालाच तिचं कौतुक नव्हतं. भिंतीला भोक पाडायचं असेल तर परवानगी मागावी लागत नव्हती. ज्यांना कुठे जागा नाही, त्यांना तिथे टाकायचे. नोम चॉम्स्कींचं भाषाशास्त्र तिथलं, आणि मॉडेल रेल्वेचा तो क्लबही तिथलाच, ज्याच्या पोरांनी 'हॅक' हा शब्द आपल्या धंद्यात आणला.

आपल्याकडची पहिली आयआयटीसुद्धा अशीच. खडगपूरला १९५१ मध्ये तिचं कामकाज चालायचं ते हिजली बंदिवासात. तिथे इंग्रजांनी क्रांतिकारकांना डांबलं होतं आणि १९३१ मध्ये गोळीबारही केला होता. आता तिथे विज्ञान संग्रहालय आहे.

पण फरक विसरू नका. बिल्डिंग २० मध्ये गेलेल्यांना शेजारी दुसऱ्या शंभर इमारती उघड्या होत्या. मरीन लाइन्सच्या आणि औरंगाबादच्या बराकीत बसलेल्या कित्येक मुलांना तेच पहिलं उघडं दार होतं.

२५:३० आणि आपल्याकडे?

त्याच चार-पाच वर्षांत आपल्या भागात काय चाललं होतं? १९४७ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. तत्त्व तेच, कमवा आणि शिका. त्याच वर्षी सांगलीत न्यू इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, पुढे १९५५ मध्ये त्याचं वालचंद झालं. तेव्हा सांगली हा वेगळा जिल्हाही नव्हता. सातारा जिल्ह्यातून १९४९ मध्ये दक्षिण सातारा निघाला, त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. म्हणजे जिल्ह्याला नाव मिळण्याआधी सांगलीला इंजिनिअरिंग कॉलेज मिळालं होतं!

आणि वारं उलटंही वाहिलं. १९६१ मध्ये देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात निघाली. आधी फौजेनं शाळेला छप्पर दिलं होतं, आता शाळा फौजेला अधिकारी देऊ लागली.

२८:०० तुमच्या आवारातली शेड ओळखायची कशी

आता मेलवाल्या मित्रासाठी. 'मिलिटरी शेड' खरंच मिलिटरीची आहे का, हे तपासायला मी या क्रमानं जाईन.

एक, आकार. रुंदीच्या कित्येक पट लांबी, आत मधल्या भिंती नंतर घातलेल्या (सांधा वेगळा दिसतो), समोरासमोर खिडक्या. अशा दोन-चार इमारती समांतर ओळीत असतील, किंवा त्यांची जोती उरली असतील, तर शक्यता वाढते.

दोन, आकडे. लष्करात इमारतींना नंबर देतात. चुन्याचे थर निघालेल्या जागी, दाराच्या वर, कोपऱ्यावर बघा.

तीन, कागद. सिटी सर्व्हे ऑफिसात मालमत्ता पत्रकाचा उतारा काढा. जागा आधी कुणाच्या नावावर होती आणि फेरफार कधी झाला, ते तिथे कळतं. जुन्या छावणीची माहिती हवी तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा खंड आहे, १८८५ चा. तो इंटरनेटवर फुकट मिळतो.

चार, आणि हे आधी करा. जुने शिपाई, लॅब असिस्टंट, निवृत्त सर यांना भेटा. कागद कुठे जात नाही. माणसं जातात.

आणि एक खबरदारी. युद्धात नुसत्या बराकीच नव्हे, तर गोदामं, कारखाने, निर्वासितांच्या छावण्याही अशाच बांधल्या जायच्या. आकार सारखा म्हणून लगेच 'मिलिटरी' म्हणू नका. कागद सापडेपर्यंत ती फक्त एक लांब शेड.

३१:२० शेवटचं

हे सगळं वाचताना माझ्या डोक्यात एकच जोडी राहिली. राजवाडा आणि बराक. इमारत म्हणून तुलनाच नाही. पण राजवाड्यातल्या शाळेत एका मुलाला गोणपाट घरून आणावं लागलं. त्याच मुलानं पंचेचाळीस वर्षांनी बराकीत कॉलेज काढलं, आणि तिथे कुणालाच बसायला गोणपाट आणावं लागलं नाही.

आपण कॉलेज निवडताना काय बघतो? मीही तेच बघितलं होतं. कॅम्पस केवढा, इमारत कशी, ब्रोशरवर फोटो कसला. हे बघू नका असं मी म्हणत नाही. पण त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. आत कोण कोण येऊ शकतं, आणि येऊन कसं बसतं?

तर मित्रा, तुझ्या शेडचा फोटो काढून ठेव. पाडायचं ठरलं असेल तर मोजमापंही घेऊन ठेव. आणि बाकी मंडळी, तुमच्या शाळा-कॉलेजच्या आवारात असं काही असेल तर जरूर कळवा. पुरेशी माहिती जमली तर यावर आणखी एक भाग करू. तोवर, भेटू पुढच्या भागात.